त्यांची जीप, माझी पिकअप

गाडी घ्यायची हे आमच्या घरात एका मिनिटात ठरलं. कोणती घ्यायची हे ठरायला मात्र जवळजवळ वर्ष गेलं, आणि वीस वर्षांच्या संसारात न कळलेली एक गोष्ट त्या वर्षात मला माझ्या नवऱ्याबद्दल कळली.

माझी लोणीत रोपवाटिका आहे. शेडनेटखाली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टोमॅटो, मिरची, वांगी, फ्लॉवरची रोपं वाढवायची आणि लावणीजोगी झाली की शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचवायची, हा माझा धंदा. पोचवायला मी भाड्याची गाडी बोलवायचे. ट्रे काढून ठेवायचे, ऊन चढत जायचं, रोपं माना टाकायला लागायची, आणि गाडीवाला फोनवर सांगत राहायचा की निघालोच आहे. म्हणून मला पिकअप हवी होती. मागं लोखंडी मांडणी ठोकून घ्यायची, चार मजले ट्रे रचायचे, वरून हिरवं कापड बांधायचं आणि स्वतः चालवत निघायचं. ट्रॅक्टर मी माहेरीच शिकले होते, लायसन्सही काढून ठेवलं होतं.

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळा जुन्नर तालुक्यात, मढपासून वर डोंगरातल्या एका वाडीत. लोणीहून रोज येणं-जाणं शक्य नाही, म्हणून नऊ वर्षं ते मढमध्ये एका खोलीत राहत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मोटारसायकलवर घरी यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचे. मढपासून वाडीपर्यंतचे शेवटचे तीन-चार किलोमीटर म्हणजे दगड, सुटा मुरूम आणि छातीवर येणारा चढ. त्या चढावर ते दोनदा पडले होते. एकदा खरचटण्यावर भागलं, एकदा मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यांना जीप हवी होती. उंच, जाड टायरांची, चारही चाकांनी ओढणारी. ते मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचे. त्यात एखादी जीप नदीत उतरायची आणि पलीकडच्या काठावर पाणी झटकत चढायची. मी विचारायचे, आपल्याला नदीत कशाला जायचंय?

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. ती शाळा अवघड क्षेत्रात मोडते. अशा ठिकाणी काही वर्षं काढली की शिक्षकाला बदली मागता येते, त्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. गेली चार वर्षं मी त्या दिवसांत विचारायचे, काय झालं? ते म्हणायचे, यंदा नाही. मी म्हणायचे, असू दे, पुढच्या वर्षी होईल. त्यामुळं जीपविरुद्धचा माझा मुद्दा अगदी पक्का होता. आज ना उद्या बदली होणार, शाळा इकडं सपाटीला मिळणार, मग ती जीप काय पारगावच्या उसात फिरवायची? यावर ते काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, मुद्दा पटला.

मुलगी शिकायला बाहेरगावी, त्यामुळं घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. दोन्ही गुडघे गेलेले, पण डोकं शाबूत. त्यांचं म्हणणं होतं की गाडी कुठली का असेना, मला चढता आलं पाहिजे.

यांचा एक मित्र नारायणगावात औषधाचं दुकान चालवतो. त्याच्याकडं जीप होती. डिसेंबरमधल्या एका शनिवारी हे मोटारसायकल त्याच्या दारात ठेवून जीप घेऊन घरी आले. गल्लीत शिरतानाच हॉर्न वाजवला. हा माणूस एरवी मोटारसायकलचा हॉर्नसुद्धा जपून वाजवतो. खाली उतरल्यावर दार लावून दोन पावलं मागं गेले आणि गाडीकडं बघत उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात.

आत्यांना आत बसवायला प्लास्टिकचं स्टूल आणावं लागलं. स्टुलावर एक पाय, दारातल्या मुठीला एक हात, मागून मी, पुढून त्यांचा मुलगा. बसल्यावर त्या म्हणाल्या, वरून गाव चांगलं दिसतंय, पण आता मला उतरवू नका, जेवण इथंच द्या.

दुसऱ्या दिवशी पारगावच्या एका शेतकऱ्याला मिरचीचे चाळीस ट्रे द्यायचे होते. मी म्हटलं, जीपच न्या की. मागची सीट पाडून, कोंबून कोंबून चौदा ट्रे बसले. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांच्या मागं रांगत, खड्डे चुकवत त्यांनी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला एक ट्रे उलटला आणि मित्राच्या काळ्याभोर सीटवर ओला कोकोपीट, म्हणजे रोपांखालचा नारळाचा भुसा, पसरला. संध्याकाळी निघायच्या आधी ते दात घासायचा जुना ब्रश घेऊन शिवणीतून एकेक कण काढत बसले. कपाळाला माती, पाठ वाकलेली, पण तोंडातून तक्रार नाही. उलट मला म्हणाले, एकदा बसून तर बघ. मी स्टिअरिंगवर बसले, गावाबाहेर एक चक्कर मारून आले. खोटं कशाला बोलू, मलाही आवडली. त्यांना मात्र तसं सांगितलं नाही.

मग त्यांनी अट घातली. तुझी पिकअप माझ्या वाडीपर्यंत चढली तर मी जीपचं नाव काढणार नाही. मी म्हटलं, ठरलं.

संधी सव्वीस जानेवारीला आली. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळेला पुस्तकांसाठी एक लोखंडी कपाट मंचरच्या एका ओळखीच्या माणसानं देऊ केलं होतं आणि ते वर न्यायला गाडी मिळत नव्हती. शिवाय शाळेच्या परसबागेत लावायला ते माझ्याकडं रोपं मागत होते, मुलांच्या दुपारच्या खिचडीत भाजी पडावी म्हणून. आमच्या शेजारच्या भाऊंकडं पिकअप आहे. मी मागितली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं, आणि मग किल्ली देताना रिव्हर्स गियर कसा पडतो ते मला तीन वेळा समजावून सांगितलं.

आदल्या दिवशी दुपारी मी आणि आत्या निघालो. पिकअपच्या केबिनमध्ये चढताना आत्यांना स्टूल लागलं नाही, हा माझा पहिला गुण. मंचरला कपाट चढवलं, नारायणगाव, ओतूर करत दिवस मावळायच्या आत मढला पोचलो. यांच्या खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, भिंतीला मुलांनी काढलेली चित्रं. आत्यांनी कॉट घेतली, आम्ही खाली सतरंजीवर झोपलो. नऊ वर्षांत त्या खोलीत मी चौथ्यांदा आले होते.

सकाळी वर निघालो. आत्या मध्ये, हे खिडकीला, मी स्टिअरिंगवर. पहिले दोन किलोमीटर पिकअप गुणी बाळासारखी चालली. मी शीळ घालायला लागले होते. मग तो चढ आला. अर्ध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम मागं उडाला, धुरळा केबिनमध्ये आला, आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी हळूच मागं सरकली. मी ब्रेक दाबून धरला.  हे खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांच्या गालाची एक बाजू हसत होती.

दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेच. तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं. तोवर झेंड्यासाठी वर निघालेली माणसं भोवती जमली होती. धुतलेले कपडे, डोक्याला तेल, हातात उदबत्तीचे पुडे. एक म्हातारे बाबा गाडीला चक्कर मारून आले, मागं वाकून बघितलं आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "गाडीला कायबी झालं न्हाई, बाई. मागं वजन न्हाई म्हणून चाक उचलतंय. दगड टाका."

मग मला काहीच करावं लागलं नाही. भाताची खाचरं रिकामीच होती. लोकांनी बांधाकडेचे सुटे दगड उचलले आणि हातोहात मागं भरले. बायकासुद्धा पदर खोचून आल्या. आत्या आतूनच सांगत होत्या की मोठे दगड खाली ठेवा, कपाटाला लागू देऊ नका. गाडी मागून दबलेली दिसेपर्यंत दगड टाकले. दगड भरायला रोपांचे ट्रे खाली काढून ठेवले होते, ते आता पुन्हा ठेवायला जागा उरली नाही. यांनी दोन ट्रे दोन हातांवर घेतले आणि म्हणाले, मी चालत येतो. बाकीचे ट्रे बायकांनी डोक्यावर घेतले.

पहिला गियर टाकला. गाडी घुरघुरली, जराशी अडली आणि चढायला लागली. थेट शाळेच्या अंगणात जाऊनच थांबली. आरशात बघितलं तर खाली चढावर माणसांची रांग येत होती, आणि रांगेत पुढं माझा नवरा, दोन्ही हातांवर मिरचीची रोपं तोलत.

ते पोचल्यावर मी एवढंच म्हटलं, चढली. ते म्हणाले, दगडांनी चढवली. आत्या म्हणाल्या, चढली ना.

झेंडावंदन झालं. अंगणात सगळी मिळून अठरा-वीस मुलं आणि त्यांच्या तिपटीनं माणसं. एका मुलीनं भाषण केलं. मध्येच ती विसरली, तेव्हा यांनी तिच्याकडं न बघता ओठ हलवले आणि तिला पुढचं वाक्य सापडलं. मी त्यांना शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. घरी शनिवारी येणारा माणूस दमलेला असतो, जेवतो, झोपतो, रविवारी दुपारी पिशवी भरतो. इथं तो वेगळाच दिसत होता. माणसं त्याला वाट करून देत होती, आणि तो प्रत्येकाशी थांबून बोलत होता.

जिलेबी वाटून झाल्यावर परसबागेचं काम निघालं. मागं भरलेले दगड काढून पोरांनी वाफ्यांना कडा केल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई माझ्यासोबत रोपं लावायला बसल्या. बोलक्या बाई. आमचं बोलणं रोपांवरून पाण्यावर, पाण्यावरून शाळेवर आलं. मी सहज म्हटलं, यांची बदली झाली तर ही बाग कोण बघणार? ताई मातीतून हात न काढता म्हणाल्या, "बदली कशानं हुईल, बाई? सरांनी अर्जच भरला न्हाई. चार वर्सं झाली, आमी लई सांगितलं, सर, तुमचं घर लांब हाय, भरा. ते म्हणत्यात, पुढच्या साली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.  उरलेली वांगी लावली, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले.

उतारावर मला रस्ता सोडून दुसरीकडं बघायची सोय नव्हती, ते बरंच झालं. मढ मागं पडलं, डांबरी रस्ता लागला, धरणाचं पाणी एका अंगाला चमकायला लागलं. हे खुशीत होते. जिलेबी कशी उरली, कपाट कुठं ठेवलं, सांगत होते. मध्ये आत्या. एवढं झाल्यावर मी म्हटलं, "तुम्ही अर्ज भरलाच नव्हता."

 आत्यांच्या डोक्यावरून मी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. ते समोर काचेत बघत होते.

मी म्हटलं, चार वर्षं मी तुमच्या बदलीसाठी दर गुरुवारी उपास करतेय. ते म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच सांगायला जड जात होतं. मी म्हटलं, राहायचं होतं तर राहायचं, मी कधी अडवलं असतं का? ते म्हणाले, अडवलं नसतंस, पण का म्हणून विचारलं असतंस, आणि मला नीट सांगता आलं नसतं.

"आता सांगा," मी म्हटलं.

 ओतूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं गाडी थांबवावी लागली. तेव्हा ते म्हणाले, "दर वर्षी वाटतं, ही चौथीची पोरं बाहेर पडली की निघू. तोवर पहिलीत नवी आलेली असतात. त्यांना अजून पेन्सिल धरता येत नसते."

मला रडू आलं, आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते कळेना, म्हणून मी उगाच वायपर चालू केला. काच कोरडी होती, तो करकरला. तेवढ्यात आत्या, इतका वेळ दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या, शांतपणे बोलल्या.

"त्यो जीप मागाय लागला तवाच मला कळलं व्हतं. ज्याला निघायचंय त्यो माणूस त्या रस्त्यासाठी गाडी मागतो व्हय?"

मी आणि हे दोघंही त्यांच्याकडं बघायला लागलो. खरंच होतं. वर्षभर ते मला सांगत होते, फक्त तोंडानं सांगत नव्हते. जीप म्हणजे त्यांचा अर्जच होता, राहण्याचा. आणि मी टायर आणि सीटवर वाद घालत बसले होते.

आत्यांचं संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, चार वर्षांचा साबुदाणा वाया गेला ते गेलं, पण आता गाडी चालू कर, गियरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागतोय. मागून हॉर्न वाजत होते. मी गाडी काढली.

पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी फोनवर कामापुरतं बोलले. राग ते राहिल्याचा नव्हता. रोपवाटिका, घर, आत्यांचे दवाखाने हे सगळं एकटीनं ओढताना मी स्वतःला समजावत होते की हे थोड्या दिवसांचं आहे. तसं नव्हतं, हे मला खिचडी करणाऱ्या ताईंकडून कळावं, याचा राग होता. हे मी त्यांना पुढच्या शनिवारी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.  मग उठून चहा केला, जो त्यांना कधीच धड जमत नाही, आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

त्याच दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. सध्या पहिलीत असलेली मुलं चौथीतून बाहेर पडेपर्यंत ते तिथं राहणार, त्यानंतर अर्ज भरणार, आणि भरताना मी शेजारी बसणार. दुसरी गोष्ट गाडीची. मला वाटलं होतं, आता मीच म्हणेन की घ्या जीप. म्हणालेही. तर ते म्हणाले, नको. आपली अट होती, गाडी चढली. शिवाय त्या दिवशी दगड भरायला जेवढी माणसं आली, तेवढी जीपसाठी आली असती का? जीप नुसती धुरळा उडवून वर गेली असती.

मार्चमध्ये पिकअप आली. पांढरी, वापरलेली, पण इंजिन ठणठणीत. मागं मांडणी बसवून घेतली. पहिल्या दिवशी चाळीस ट्रे एका खेपेत गेले तेव्हा मी परत येताना गाडी थांबवून उसाचा रस प्यायले, एकटीच, दोन ग्लास.

परसबागेतली मिरची बघून वाडीतल्या लोकांनी रोपं मागितली. मग शेजारच्या वाडीनंही. आता महिन्यातून एकदा शनिवारी मीच वर जाते. चढाच्या पायथ्याशी वजन कमी वाटलं तर वाळूच्या गोण्या टाकते, त्या गाडीतच असतात. आत्या सोबत येतात, कारण खिचडीवाल्या ताईंशी त्यांचं चांगलंच जमलंय. त्या दोघी शाळेच्या ओट्यावर नाचणीच्या भाकरीवरून वाद घालत बसतात आणि आम्ही खाली निघायला लागलो की आत्यांचा पाय निघत नाही. यांच्या खोलीत आता दोन कॉट आहेत.

ऑगस्टमधल्या एका फेरीला ते म्हणाले, आज मी चालवतो. मी किल्ली दिली. चढावर गाडी अशी नेली की मला जीपच्या व्हिडिओंची आठवण झाली. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते. वर पोचल्यावर वळवताना मात्र त्यांनी उजवी बाजू शाळेच्या फाटकाला घासली, चांगली हातभर. खाली उतरून बघितलं, कान पकडले आणि मग स्वतःच सगळ्या वाडीला बोलावून तो ओरखडा दाखवत फिरले. अजून तो तसाच आहे. रंग मारून घेऊ असं मी दर आठवड्याला म्हणते, पण गाडीला कामच इतकं आहे की गॅरेजला लावायला दिवस सापडत नाही.